हॅलोमावशींची हजेरी

टेबलावरचा कपडा झटकला, त्यात काय एवढं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. समोरच्या दारी, हॅलोमावशींकडे जाऊन चहा प्यायचा, बिस्किटं संपवायची आणि उठताना एखादं काम केल्याचा आव आणायचा, ही माझी जुनी खोड. त्या बुधवारी संध्याकाळीही मी कपबशा उचलल्या, टेबलावरचा कपडा चारी कोपऱ्यांनी गोळा केला आणि गॅलरीत जाऊन तिसऱ्या मजल्यावरून असा झटकला, की बायकोने पाहिलं असतं तर तिने माझा ताप बघितला असता. बिस्किटांचा चुरा खाली गेला. त्याच्यामागून शेंगदाण्याएवढं काहीतरी गेलं आणि खाली उभ्या असलेल्या कचऱ्याच्या गाडीत पडलं. एरवी ही गाडी अर्धा अर्धा तास जागची हलत नाही. त्या दिवशी मात्र लगेच हलली.

ते शेंगदाण्याएवढं काहीतरी म्हणजे हॅलोमावशींच्या कानाचं मशीन, हे मला पाच मिनिटांनी कळलं. रेडिओजवळ ते शिट्टी मारतं म्हणून त्यांनी काढून बशीशेजारी ठेवलं होतं. मावशी शोधायला लागल्या आणि मीही शोधायला लागलो. खाटेखाली शोधलं. उशीच्या अभ्र्यात शोधलं. पिठाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला. जे कचऱ्याच्या गाडीतून गावाबाहेर गेलंय ते मी तासभर घरभर शोधत होतो, आणि वर "सापडेल हो, जातंय कुठे!" असंही म्हणत होतो. शेवटी मावशीच मला म्हणाल्या, "जाऊ दे रे. माझंच डोकं ठिकाणावर नसतं हल्ली. तू किती वाकशील? तुझी कंबर जायची."

तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मूग गिळले, तेही पिठाने माखलेल्या हाताने.

मावशी चौऱ्याहत्तरच्या. एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. समोर दिव्यांचा बोर्ड, हातात दोऱ्या, कानाला हेडफोन. दिवा लागला की दोरी खोचायची, नंबर विचारायचा, जोडून द्यायचा आणि बाजूला व्हायचं. "डावा कान मी खात्याला वाहिला," असं त्या सांगत, "उजवा तेवढा संसाराला ठेवला." संसारातले निम्मे, म्हणजे यजमान, गेले, मुलगा नोकरीनिमित्त दुसऱ्या गावी गेला, आणि मग उजवा कानही कुरकुर करायला लागला.

नवीन मुली भरती झाल्या की त्यांना शिकवायचं काम मावशींकडे असायचं. त्यांचा पहिला धडा एकच होता. ऐकू आलं नाही तर 'पुन्हा बोला' म्हणायचं. दहादा म्हणायला लागलं तरी म्हणायचं. अंदाजाने दोरी खोचायची नाही. "अंदाजाने खोचलीस, की लग्नाची बातमी हॉस्पिटलात आणि हॉस्पिटलची बातमी लग्नघरी!" हे त्या इतक्या मुलींना सांगत आल्या होत्या, की आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांनाही ते पाठ झालं होतं.

निवृत्त झाल्यावर लोक बाग करतात, विणकाम करतात, सुनेच्या चुका काढतात. मावशींनी हजेरी सुरू केली. आमच्या आणि आसपासच्या इमारतींत मिळून एकटी राहणारी अकरा म्हातारी माणसं होती. रोज सकाळी सातला मावशी फोनजवळ बसायच्या आणि एकेकाला लावायच्या. "हॅलो, आहात का?" एवढंच विचारायचं. पलीकडून उत्तर आलं की "बरं, छान!" म्हणून ठेवायचा. पण उत्तरं ऐकण्यासारखी असत. शिंपीकाका म्हणायचे, "शिवण शाबूत!" बसचे जुने ड्रायव्हर म्हणायचे, "इंजिन चालू, हॉर्न बंद." निवृत्त शाळाबाई मुलांनी म्हणावं तसं "उपस्थित!" म्हणायच्या. कोपऱ्यावरच्या थोरल्या ताईंचं ठरलेलं असायचं, "आहे बाई, अजून नेलं नाही कुणी. तुला घाई आहे का?" पाचवे होते घड्याळवाले. माणूस एक्क्याऐंशीचा, शब्दांचा कंजूष. ते नुसतं म्हणायचे, "आहे."

या हजेरीची एक वही होती. त्यात मावशी रोजचे आवाज लिहायच्या. 'शिंपी : घसा बसलाय, काढा पाठवणे.' 'ताई : भांडणाच्या तयारीत, म्हणजे तब्येत उत्तम.' असं अकरा ओळींचं पान भरलं की त्यांचा चेहरा उजळायचा. माणसं बघायला मिळाली नाहीत तरी चालेल, आवाज मिळाले पाहिजेत, असा एकूण मामला.

रविवारी संध्याकाळी पाचला नातीचा फोन यायचा. ती आवाज बदलून बोलायची. कधी पोलीस इन्स्पेक्टर, कधी खोकणारी म्हातारी, आणि आजीने ओळखायचं. आजी पूर्वी पहिल्या श्वासाला ओळखायची. अलीकडे कशी ओळखते ते मावशींनी मला एकदाच सांगितलं. "रविवार आहे आणि पाच वाजलेत, म्हणून. दुसरं कोण असणार?" आणि मग हळूच, "मुलाला बोलू नकोस हं. तो म्हणालाय, कान गेले की हजेरी बंद, आणि बोचकं बांधून इकडे यायचं."

मशीन हरवल्यावरही त्यांनी मला तीच शपथ घातली. नवीन मशीन कानाच्या मापाचं बनवून यायला पंधरा दिवस लागणार होते. "पंधराच दिवस. अकरा जणांची अकरा उत्तरं मला पाठ आहेत. कळलं कुणाला, तर काढून घेतील रे माझ्याकडून." मी मान हलवली. मान हलवणं मला चांगलं जमतं.

पुढच्या मंगळवारी सकाळी घड्याळवाले भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाला किल्ली द्यायला स्टुलावर चढले. स्टूल सरकलं. पडले ते खुब्यावरच. तेवढ्यात शेजारच्या बैठ्या टेबलावरचा फोन वाजला. त्यांनी वायर ओढून तो खाली पाडला, रिसीव्हर कसाबसा तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "आई… आई गं…"

इकडे मावशी म्हणाल्या, "बरं, छान!" आणि फोन ठेवला.

त्यांना ऐकू आलं होतं, "आहे… आहे की." आज दोनदा! शब्दांचा कंजूष माणूस, आणि आज 'की' सुद्धा! मावशींना बरं वाटलं. त्यांनी वहीत लिहिलं, 'घड्याळवाले : आज स्वारी खुशीत.'

रिसीव्हर हातून सुटला आणि फोनसकट कपाटाखाली घरंगळला, तो काही पुन्हा हाताला लागला नाही. दहाला त्या घरातली सगळी घड्याळं वाजली. एक नेहमी मागून वाजायचं, आणि घड्याळवाले त्याच्यावर ओरडायचे, "उशीर!" वरच्या मजल्यावरच्या शाळाबाईंना त्या ओरडण्याची इतकी सवय, की ते आलं नाही म्हणून त्या खाली उतरल्या. तोवर ते तीन तास फरशीवर पडून होते.

तिसऱ्या दिवशी मी मावशींना हॉस्पिटलात घेऊन गेलो. घड्याळवाल्यांचा पाय वजनाला टांगलेला होता. "लंबक झालाय माझाच," ते म्हणाले. एवढं लांब वाक्य मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. मग मावशींकडे बघून हसत म्हणाले, "मावशी, हाड मोडल्यावर 'छान' म्हणणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

मावशींनी मान डोलावली. चेहऱ्यावर हसू आणलं. आणि म्हणाल्या, "बरं, छान!"

शेजारच्या खाटेवरच्या माणसानेही वळून पाहिलं.  घड्याळवाल्यांनी मावशींच्या कानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. घड्याळ उघडल्यावर कुठला दात झिजलाय ते ज्याला कळतं, त्याला हे कळायला कितीसा वेळ लागणार?

जिन्यात मावशींनी विचारलं, "काय म्हणाले रे ते?"

"काही नाही. असंच," मी त्यांच्या कानाशी म्हणालो.

"असंच म्हणजे काय? सांग."

सांगितलं. हळू सांगून उपयोग नव्हता, म्हणून ओरडून सांगितलं. 'आई' म्हणाले होते ते, 'आहे' नव्हे. वर येणारी नर्स थबकून ऐकत होती. मावशी पायरीवर बसल्या. बराच वेळ त्यांनी पर्सची चेन उघडली आणि लावली, उघडली आणि लावली. मग म्हणाल्या, "खुशीत लिहिलं रे मी."

दुसऱ्या दिवशीपासून हजेरी बंद झाली. फोनवर विणलेला रुमाल पडला. सकाळी सातला आमच्या मजल्यावर इतकी शांतता, की नळाचा थेंब ऐकू यावा. ड्रायव्हर दोन दिवसांनी येऊन विचारून गेले, "मावशींचं इंजिन ठीक ना?" थोरल्या ताई तणतणत होत्या, "मला न्यायला आलं कुणी, तर कळवू कुणाला?" मुलाचा फोन आला, आणि सांगायचं नव्हतं ते सगळं मावशींनी आपणहून सांगून टाकलं. तो म्हणाला, "आई, पुरे आता. पुढच्या महिनाअखेर न्यायला येतो." मावशी चक्क "बरं" म्हणाल्या. त्यापुढचं 'छान' त्यांनी तेव्हापासून टाकलंच होतं. त्या रविवारी नात सिंहाच्या आवाजात बोलली. आजी म्हणाली, "नाही ओळखता येत गं." नात रडली.

नवीन मशीन आलं. ते डबीतच राहिलं.

मला जेवण जाईना. खाई त्याला खवखवे! बायको म्हणाली, "डॉक्टरला दाखवा." डॉक्टरला काय दाखवू, टेबलक्लॉथ?

सहा आठवडे होत आले. घड्याळवाले घरी परतले, चौपायी काठी घेऊन चालू लागले. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "हजेरी बंद का?"

"मावशींनीच केली. म्हणतात, चूक झाली."

ते भिंतीवरच्या घड्याळांकडे वळले. तेवढ्यात अकरा वाजले, मागचं एक घड्याळ मागूनच वाजलं. "उशीर!" ते ओरडले. मग मला म्हणाले, "हे रोज चुकतं. म्हणून मी ते गॅलरीतून खाली टाकतो का?"

मला ठसका लागला. त्यांनी पाणी दिलं, आणि माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

तसाच मावशींकडे गेलो. खाटेवर बॅग उघडी होती, निम्मी भरलेली. मी घड्याळवाल्यांचं बोलणं ओरडून सांगितलं. त्या कसनुसं हसल्या. "ते मोठ्या मनाचे आहेत. पण मी एकतीस वर्षं पोरींना काय शिकवलं? आणि त्या सकाळी मला दोन शब्द बोलता आले नाहीत. एवढंच म्हणायचं होतं, 'पुन्हा बोला.' म्हटलं असतं, तर ते आणखी एकदा 'आई' म्हणाले असते, आणि मला कळलं असतं. लाज वाटली रे. ऐकू येत नाही हे कळेल म्हणून लाज वाटली, आणि अंदाजाने दोरी खोचली."

मग त्यांनी उशीखालून वही काढली आणि माझ्यापुढे धरली. "हे तू कर आता. तुझे कान चांगले आहेत. माझं काय, जी बाई कानातलं मशीन धड सांभाळू शकत नाही, तिने लोकांना काय सांभाळायचं?"

वही हातात घेतली असती तर हात भाजला असता. मी खिडकीकडे तोंड केलं आणि पडद्याला सांगितलं. बिस्किटांचा चुरा, कपडा, गॅलरी, कचऱ्याची गाडी, पिठाचा डबा, सगळं. इतक्या खालच्या आवाजात की धड कान असलेल्यालाही अर्धंच कळलं असतं. खरं सांगायचं तर, त्यांना ऐकू येत नाही याचा आडोसा मी शेवटपर्यंत सोडला नाही.

वळून पाहिलं. मावशींनी वही मांडीवर ठेवली होती. त्या माझ्या पाठीकडे बघत असाव्यात. त्यांनी टेबलावरची डबी ओढली, उघडली, नवं मशीन काढून उजव्या कानात बसवलं, नखाने बटण फिरवलं. एक बारीक शिट्टी आली आणि थांबली. मग त्यांनी खुर्ची माझ्या बाजूला सरकवली.

"ऐकू आलं नाही," त्या म्हणाल्या, "पुन्हा बोल."