दुपारचा भोंगा

मंडईत फुटाण्याच्या भट्टीतून आज दगडी कोळशाचा वास आला आणि खाणीसाठीच वसलेलं आमचं विदर्भातलं आडगाव आठवलं. तिथं खाणीचा दुपारचा भोंगा झाला की घरोघरी ताटं वाढली जायची. खाण बंद झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी स्वयंपाक निवत चालला, तरी आई दारातच उभी. वडील चिडले, "आता वाढ ना." ती म्हणाली, "भोंगा तर होऊ द्या." "खाणच नाही, तर वाजवते कोण?" मी बाहेर डोकावलो, तर गल्लीतल्या सगळ्याच बायका आपापल्या दारात कान देऊन उभ्या होत्या. आता धायरीतल्या फ्लॅटमध्ये दोन वाजून गेलेत, ताट वाढलेलं आहे आणि मी मघापासून खिडकीशी येरझाऱ्या घालतोय.