मास्तरांनी शिवलेली खिडकी

तंबू न्यायला आलेल्या एका जोडप्याचं भांडण मास्तरणीच्या कानावर पडलं, आणि तेव्हापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. ती मास्तरांच्या शिवणकामाच्या दुकानात पडद्याआड बसून, पाणी झिरपू नये म्हणून तंबूच्या शिवणीवर मेण घासत होती. बाहेर गिऱ्हाईक बाई नवऱ्याला म्हणत होती, "तंबूत झोपायचं म्हटलं की तुमची पाठ दुखते. घरी माझ्याकडे पाठ करून झोपता, तेव्हा नाही दुखत?"

"डोंगरात जाऊन तरी काय बोलणार आहोत आपण?"

"नका बोलू. तिथं टीव्ही नाही, मला एवढं पुष्कळ."

दोघं भांडत भांडतच तंबू घेऊन गेली. मास्तरणीला मात्र त्यांचा हेवा वाटला. तिच्या घरी भांडायलाही माणूस तोंड उघडत नव्हता. मास्तर उभं आयुष्य लोकांचे तंबू शिवत आले. टाका त्यांचा, मेण तिचं, आणि दोघांत बोलणं काय, तर "दोरा दे" आणि "वाढू का?" लेक लग्न होऊन गेली तेव्हापासून तेही निम्म्यावर आलेलं.

"अहो, आपण एकदा जाऊ या ना डोंगरात," ती वर्षानुवर्षं म्हणायची. मास्तर मशीन चालवत राहायचे. मग एका हिवाळ्यात ती आजारी पडून उठली, अंगात थंडी मुरली, आणि काय मनात आलं कोण जाणे, मास्तर म्हणाले, "भाच्याची व्हॅन मागितलीय. तुझी ती डोंगराची हौस फेडून टाकू."

वाटेत नवलच झालं. घाट लागला तसं मास्तरांच्या तोंडाचं कुलूप निघालं. उस्तादाच्या हाताखाली खाल्लेला मार सांगितला, तिला बघायला आले तेव्हा घाबरून पाणी सांडलं होतं तेही सांगितलं. "एवढं साठवून ठेवलं होतं?" ती म्हणाली. "मशीनच्या आवाजात कोण ओरडणार," ते म्हणाले. तिला वाटलं, आता आहे तशी मेले तरी चालेल. बाई, असलं मनातसुद्धा आणू नये.

डोंगरातलं ते गाव उतारावर चिकटवल्यासारखं होतं. गावाबाहेर, तळ्याजवळच्या मैदानात त्यांनी तंबू ठोकला. दुपारीच धुकं उतरलं आणि तिचे दात वाजायला लागले. तंबूच्या माथ्याशी वारा खेळायला जाळीची खिडकी असते. मास्तरांनी तिच्यावर कापड लावून शिवून टाकलं. दुसरा कुणी असता तर नुसती चादर कोंबली असती. मास्तरांना अर्धं काम जमत नसे. त्यांनी दुहेरी टाका घातला, आणि तीही हाताच्या सवयीने मागून मेण घासत गेली. जेवण रांधलेली कोळशाची शेगडी आत घेतली, दाराच्या दोऱ्या आवळल्या. ऊब आली. मास्तर म्हणाले, "घटकाभर पड. मग तळ्यावर जाऊ."

तिला जाग आली ती डोकं फुटतंय अशी. पाय हलेनात. "अहो," तिने हाक मारली. मास्तर शेजारीच होते, तोंड किंचित उघडं. तिने हलवलं, गालावर मारलं. दाराची गाठ बोटांना सुटेना. कात्री व्हॅनमध्ये. ती तंबूच्या काठीला धरून कशीबशी उभी राहिली आणि खिडकीचा टाका दातांनी तोडू लागली. दोरा मेणाने गुळगुळीत, दाताखालून निसटायचा. आयुष्यात पहिल्यांदा तिने आपल्या हाताला शिव्या घातल्या, नवऱ्याच्या हातालाही. हिरडीतून रक्त आलं तेव्हा एक टाका तुटला. तिने बोट घालून शिवण ओढली, उसवलेल्या फटीला तोंड लावलं. मग बोटांत जीव आला आणि दाराची गाठ सुटली.

तिचं ओरडणं ऐकून मैदानाचा राखणदार धावत आला. त्यानेच व्हॅन दवाखान्यात नेली. मागे ती मास्तरांचं डोकं मांडीवर घेऊन सारखं म्हणत होती, "बोला ना. घाटात बोलत होतात तसं बोला."

मास्तर जगले. डॉक्टर म्हणाले, "कोळशाचा वायू मेंदूला बाधला. थोडं परत येईल, थोडं नाही येणार." तिने विचारलं, "बोलणं?" डॉक्टरांनी कागदावर औषध लिहायला घेतलं.

शुद्धीवर आल्यावर मास्तर तिच्याकडे पाहून म्हणाले, "ताई, पाणी द्याल?"

घरी आल्यावर तिने सगळं करून पाहिलं. घाटातल्याच गोष्टी त्यांना परत सांगितल्या, मार, सांडलेलं पाणी. ते सभ्यपणे ऐकायचे, पाहुण्याचं ऐकावं तसं. मशीनपुढे बसवलं तर हात चाकावर ठेवून बसून राहायचे. लेक म्हणाली, "आई, माझ्याकडे चला दोघं." ती म्हणाली, "इथं निदान मशीन ओळखीची आहे त्यांच्या." रोज सकाळी ती विचारायची, "मी कोण?" ते म्हणायचे, "ताई." मग ती चहा ठेवायची. बरीच वर्षं अशी गेली, आणि एक दिवस तिने विचारणंच सोडलं. ते सोडलं त्या दिवशी ती मोरीत बसून रडली, नळ सोडून, ताईंना काय झालं असं त्यांना वाटू नये म्हणून.

दुकान तिने चालू ठेवलं, टाकाही तीच घालायला शिकली. पुढे एका गुरुवारी ती दुरुस्त केलेला तंबू गिऱ्हाइकाच्या घरी पोचवायला गेली. हे तिचं शेवटचं काम. शुक्रवारी सकाळी ती झोपेतून उठलीच नाही. पण गुरुवारी तसं काहीच नव्हतं. नेहमीसारखा तिने तंबू अंगणात उभा करून घेतला, आत जाऊन बसली आणि दार बाहेरून बंद करायला लावलं.

"काकू, आमचा विश्वास आहे हो," घरची बाई म्हणाली.

"असू दे. तू गप्प उभी राहा."

माथ्याच्या जाळीतून वारा तोंडावर येईपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग बाहेर आली, गुडघे झाडले, "घ्या आता," म्हणाली, आणि मास्तरांच्या औषधाची वेळ होती म्हणून चहाला न थांबता निघाली.