बाईंनी न प्यालेलं पाणी

नात टीव्हीवर परग्रहावरच्या लोकांची मालिका बघत होती. "आजी, यांच्यात खरा माणूस कोण, ओळख," ती म्हणाली आणि मला जाफराबादच्या घरातला आमचा पितळी पेला आठवला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी सातवीत होते. शाळेतून वाचायला आणलेल्या एका पुस्तकात दुसऱ्या ग्रहावरचे लोक माणसांचं रूप घेऊन गावात राहत. पृथ्वीचं पाणी त्यांना विष, एवढीच त्यांची खूण. ते वाचल्यापासून माझा कुणावरच भरवसा उरला नाही.

त्याच आठवड्यात शाळेतल्या नव्या बाई मुलांची नावं लिहून घ्यायला आमच्या वस्तीत आल्या. ऊन रणरणत होतं. भिंतीवरच्या बुद्धाच्या फोटोकडे त्यांनी एकदा पाहिलं. आईने चिंचेने लख्ख घासलेला पेला भरून पुढे केला. "आत्ताच प्याले," म्हणत बाईंनी कोरडे ओठ पदराने पुसले. मी मनाशी म्हटलं, सापडल्या!

मी लपतछपत त्यांच्या मागे गेले. गावात राहणाऱ्या माझ्या एका वर्गमैत्रिणीच्या ओट्यावर त्यांनी तांब्याभर पाणी गटागटा संपवलं. मी धावत घरी आले.

"आई, बाई माणूसच हायेत! तिकडं पाणी प्याल्या!"

तो भरलेला पेला अजून तिथेच होता. आईने तो उचलून स्वतःच रिकामा केला. "त्या माणूसच हायेत गं," ती म्हणाली. "आपल्याला काय समजून राह्यल्या, कोण जाणं."

आजही घरी कुणी नवं आलं की माझं बोलण्यात लक्ष नसतं. मी त्यांच्या पेल्याकडे बघत असते.