बेटावरचं लग्न

माझ्या सासुरवाडीत मोबाइल फक्त घड्याळ म्हणून चालतो. मुरबाडच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीत आहे ती. गेल्या मे महिन्यात आठ दिवस तिथे राहायचं ठरलं, तेव्हा बेलवलीतल्या आमच्या हॉलमध्ये ऋचाने, आमच्या कन्येने, विचारलं, "बाबा, समजा आपण निर्जन बेटावर चाललोय. बघायला काय न्यायचं?"

पेनड्राइव्ह एकच होता. ऋचाला कार्टून हवं होतं, माझ्या बायकोला, सुजाताला, विनोदी नाटकं. मी म्हणालो, माणसाने बेटावर तरी चार गोष्टी शिकाव्यात. आणि बहुतेक जागा समुद्रतळाच्या माहितीपटांना दिली.

"म्हणजे बेटावर बसून पाणीच बघायचं?" सुजाता म्हणाली.

घरचा कंप्युटर ऐनवेळी रुसला, म्हणून उल्हासनगरच्या एका दुकानात सगळं भरून घेतलं. काउंटरवर सारखेच दोन काळे पेनड्राइव्ह पडले होते. शेठ म्हणाले, "साहब, देख के उठाना." मी न बघता एक उचलला. (वर "अपनी चीज़ हम पहचानते हैं" असंही ऐकवलं.)

सासूबाईंच्या टीव्हीला तो जोडला, तर समुद्राचा पत्ता नाही. कुठल्यातरी सिंधी कुटुंबातलं लग्न, तब्बल सहा तासांचं!

पहिल्या दिवशी दोघींनी माझा उद्धार केला. दुसऱ्या दिवशी, दुसरं काहीच नाही म्हणून, लग्न बघितलं. तिसऱ्या दिवसापासून आम्ही त्या मांडवातलेच झालो. नवरीचा मामा कशावरून तरी रुसून ताटाला हात लावत नव्हता. "अगं, त्याला कुणीतरी हाताला धरून बसवा," सासूबाई टीव्हीला सांगायच्या. नवरीचे वडील मात्र सगळीकडे होते. पाणी दे, खुर्ची सरकव, म्हाताऱ्यांना गाडीत बसव. पाठवणीच्या वेळी ते पडद्यामागे जाऊन डोळे पुसत होते. कॅमेरा तिथेही पोचला, तेव्हा हसले आणि हात जोडले. ऋचा तेवढाच भाग रोज पुन्हा लावायची. आणि मी रोज त्याच वेळी नळाला पाणी आलंय का, बघायला अंगणात जायचो.

परत आल्यावर भांडायच्या तयारीनेच दुकान गाठलं. तिथे शेठसमोर, हरवलेल्या पेनड्राइव्हची चौकशी करत एक मुलगी बसली होती. दागिने नव्हते, तरी मी लगेच ओळखली. आमची नवरी.

पेनड्राइव्ह तिने दोन्ही हातांत घेतला. "अंकल, दूसरी कॉपी नहीं थी," ती म्हणाली. "शादी के तीन महीने बाद पापा गए."

दुकानाच्या निष्काळजीपणावर मी अंबरनाथपासून रिक्षात घोकलेलं भाषण तोंडातच राहिलं. "ग़लती मेरी थी," मी म्हणालो. "और पापा को हम रोज़ देखते थे. मेरी बेटी तो बार-बार."

तिने डोळे पुसले, आणि रविवारी आम्हा तिघांना तिच्या माहेरी जेवायला बोलावलं.

दारातच मामा उभे होते. मला काय झालं कोण जाणे, मी त्यांचे दोन्ही हात धरले आणि कळकळीने विचारलं, "मामाजी, उस दिन आख़िर खाना खाया था ना आपने?"

त्यांनी मला खालून वर न्याहाळलं. मग अदबीने विचारलं, "आप लड़केवालों की तरफ़ से हैं?"

सुजाता मागून माझा शर्ट ओढत होती. ऋचाने दुसरीकडे तोंड फिरवलं होतं. मी छाती काढून "हाँ जी" म्हणालो, आणि व्याह्यांच्या मानाच्या खुर्चीवर जाऊन बसलो.