चाकावरचं पाणी

"आंजे, पाणी कुटं वतलंस?"

"कुटं म्हंजे? चाकावर. रोज कुटं वतती मी?"

"कुटल्या चाकावर?"

"पुढच्या, ह्या अंगाच्या. आन् वाफ काय निगाली बया! तापल्या तव्यावर शितोडा मारल्यागत. वीरधवल हासला, म्हनला, वैनी, गाडीनं परसाद घेतला."

बाळासोनं हातातला पाना खाली ठेवला, परत उचलला, परत ठेवला. मागं हात धुऊन येईस्तोवर गाडी गेली होती. दारात ओल्या मातीवर टायरची नक्षी आणि भाकरीचा तुकडा, एवढंच राहिलं होतं.

आष्ट्यात सांगली रस्त्याला बाळासोचं गॅरेज आहे. लष्करात ट्रकांखाली उताणा पडून निम्मं आयुष्य काढलेला माणूस. त्याला बसणं ठाऊक नाही. चहा उभ्यानं पितो, जेवताना गुडघा हलवतो. एस्टीत खिडकीशी बसला तरी दर वळणाला उजवा पाय फळीवर दाबतो. बायको अंजना म्हणते, "ड्रायव्हरला कशाला पगार देत्यात? गाडी आमचं हेच थांबवत्यात."

गॅरेज सुरू झालं तेव्हापासून दुरुस्त झालेली गाडी अंजना तशी जाऊ देत नाही. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकायचा, तांब्याभर पाणी पुढच्या चाकावर ओतायचं, मग गाडीनं निघायचं. ट्रॅक्टरवाले तर "वैनी, पाणी?" म्हणून अडून बसतात. त्या पाण्यानं आजवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

पण वीरधवलची गाडी निराळी. बागणीच्या ह्या उसाच्या बागायतदारानं पुण्यातनं जुनी टर्बो सेडान आणलेली. तिचं इंजिन आणखी तेज करून घेतलं आणि मग कळलं, गाडी पळते भन्नाट, थांबताना मात्र रस्ता पुरत नाही. म्हणून बाळासोनं पुढं थाळीएवढ्या, भोकं पाडलेल्या डिस्क बसवल्या, त्या आवळणारे मोठे कॅलिपर, नवे पॅड, नवं ऑइल. नवे ब्रेक रस्त्यावर बसवावे लागतात: गाडी जोरात सोडायची, कचकन वेग तोडायचा, परत सोडायची, आणि शेवटी ब्रेकला पाय न लावता निवांत चालवून डिस्क गार करायची. बाळासोनं इस्लामपूर रस्त्याला सगळं नीट केलं. निवांत चालवायची वेळ आली आणि पुढं उसाच्या ट्रॉल्या आडव्या. परत ब्रेक, परत ब्रेक. गाडी दारात आली ती तापलेलीच.

"तासभर हिला हात लावू नगंस," असं तो वीरधवलला म्हणाला होता. वीरधवलनं मोबाइलवर बोलता बोलता मान हलवली होती. अंजनाला सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"काय झालं पर?" अंजनानं विचारलं.

"लाल तापलेल्या कुऱ्हाडीवर एका अंगानं पाणी मारलं तर काय हुतंय? वाकली आसंल. चिरली आसंल. न्हाईतर कायबी झालं नसंल."

"आन् ते उद्या क्रांतीला सोडाय निगाल्यात. तान्हं हाय संगं."

"तेच."

क्रांती म्हणजे वीरधवलची बहीण, चिपळूणला दिलेली. पाटणवरनं कुंभार्ली घाट उतरायचा. बाळासोनं फोन लावला. वाजून वाजून बंद. परत लावला. दाराच्या आत-बाहेर चार येरझाऱ्या झाल्या आणि त्यानं मोटारसायकलला किक मारली. अंजना मागं बसलीसुद्धा.

"तू कशाला?"

"पाणी मी वतलंय न्हवं? चला."

बागणीत अंगणात गाडीची डिकी उघडी, बॅगा आतापासनंच भरायला काढलेल्या. वीरधवलची आई रंगूबाई नातवाला कडेवर घेऊन उभी. बाळासो रामराम विसरला. "चावी दी जरा," वीरधवलला म्हणाला आणि गाडी रस्त्यावर काढली. वेग दिला, ब्रेकवर पाय ठेवला. पेडल पायाखाली थरथरलं. परत दाबलं. परत तसंच. मघाशी बसवताना ही थरथर नव्हती.

परत येताना त्यानं मनाशी एक सोपं कारण जुळवलं होतं.

"नट जरा ढिला ऱ्हायलाय. दोन दिस गाडी—"

"नट न्हवं," अंजना म्हणाली. "मी तापल्यावर पाणी वतलं."

रंगूबाईनं डोळे मोठे केले. "पान्यानं गाडी बिगडती व्हय? आमी जलमभर वततूया. उद्याबी तांब्या भरून ठेवनार हुते."

"थंड्या गाडीवर वता की, आक्का," अंजना म्हणाली. "ही तापली हुती."

वीरधवल आधी हसला, मग हसू आटलं. "चार जनांना सांगून बसलोय, नव्या ब्रेकवर घाट उतरनार म्हनून. आता काय सांगू? वैनीनं आंघूळ घातली?"

"सांग की," अंजना म्हणाली. "नाव घिऊन सांग."

"आरं पर घाटात हुनार काय?" वीरधवलनं बाळासोला विचारलं.

"काय न्हाईबी हुनार," बाळासो म्हणाला. "न्हाईतर उतारावर तापून फुटंल. माजं प्वॉर मी तिच्यात बसवनार न्हाई. म्हनून तुजं भाचरूबी बसवू देनार न्हाई. चावी माज्यापाशी ऱ्हाऊदे."

वीरधवलचा हात पुढं आला होता, चावीसाठी. बाळासोनं मूठ उघडली नाही.

"दादा, मी घरच्या जीपनं जाती," क्रांती म्हणाली. "वकारी तर दोन्हीतबी येत्यात."

"दोनशे घोड्यांची गाडी दारात आन् जीपनं?"

"घोडी दावनीला बांद," रंगूबाई म्हणाली, "आन् जीपला पाणी वताय मी हाय."

मोटारसायकल तिथंच ठेवून बाळासोनं गाडी गिअरवरच रांगवत आष्ट्याला आणली. अंजना शेजारी बसली होती, मांडीवर मोकळे हात.

"म्हंजे पाणी बंद?"

पुढं गतिरोधक होता. बाळासोनं गिअर उतरवला.

सकाळी त्यानं चाक काढलं. डिस्कवर मापाचा काटा लावून ती फिरवली. काटा एका जागी डुलत होता, आणि एका भोकाच्या कडेला केसाएवढी चीर. त्यानं पुण्याला फोन लावून नवी जोडी मागवली आणि चिरलेली डिस्क दारातल्या खिळ्याला अडकवली. दुपारी वीरधवलचा फोन आला, जीप चिपळूणला पोचली. डिस्कचं त्यानं विचारलं नाही, बाळासोनं आपण होऊन सांगितलं. "बरं," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दारात एक ट्रॅक्टर तयार उभा होता, कालपासनं तिथंच. ड्रायव्हर खोळंबलेला. "वैनी, पाणी?"

अंजना तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी. बाहेर येईना. बाळासोकडं बघेना, खिळ्यावरच्या डिस्ककडं बघत होती.

बाळासोनं ट्रॅक्टरच्या चाकाला तळवा लावला.

"गार हाय. वत."

"तुमी म्हन्ता म्हनून न्हाई." ती पुढं आली, आपला हात चाकावर ठेवला, नीट दाबून बघितला. मग तुकडा ओवाळला आणि पाणी ओतलं.

ट्रॅक्टर गेला. बाळासो तोवर पुढच्या टेम्पोखाली सरकला होता. बाहेर राहिलेला उजवा पाय हलत होता.

"आंजे," खालनं हाक आली, "चौदाचा पाना दी."