कोंड्यातला पाला

शहाद्यात चुनीलाल शेठच्या पत्र्याच्या खोलीत गिरधर बुरशी पिकवायचा. महायुद्धामुळे विलायती पूड यायची थांबली होती, आणि कापडाची खळ उतरवायला गिरण्यांना ती लागेच. गिरधर गव्हाचा कोंडा वाफवायचा, निववायचा, त्यात जपलेल्या बुरशीचं विरजण कालवून सुपांत पसरायचा. दोन दिवसांत त्यावर पिवळी-हिरवी लव चढे. तो कोंडा भिजवून गाळला, की त्या पाण्यानं घट्ट खळ ताकासारखी पातळ होई.

त्याच्या गावचे, लोणखेड्याचे, लोक वाटेत हटकत, “काय गिरधर आप्पा, आज काय सडनं?”

“तुन्हं डोकं!” म्हणत तो ताठ मानेनं पुढं जाई.

कोंडा फार तापला तर बुरशी मरते. त्याच्याबरोबर कामाला असलेली मोलगीकडची नानीबाई सुपात तळवा ठेवून ताप ओळखायची आणि वेळेवर कोंडा परतायची.

एका उन्हाळ्यात कोंड्यात टोके, धान्यातले किडे, दिसले. घरी कणगीत गहू भरताना कडुनिंबाचा पाला घालायची रीत. गिरधरनं विचार न करता सुपांच्या तळाशी तोच पाला अंथरला. टोके गेले, पण बुरशीही उगवली नाही. जपलेलं सगळं विरजणही त्याच सुपांत संपलं होतं.

चुनीलाल आला. काळवंडलेली सुपं पाहून म्हणाला, “हे कोणी केलं?”

गिरधरच्या तोंडून निघालं, “नानी सारखी हात घालते.”

नानीबाईनं त्याच्याकडे एकदा पाहिलं, लुगड्याला हात पुसले आणि ती निघून गेली. सुपांत तेव्हा एकही पान नव्हतं. पाला कुठं गेला, हे गिरधरनं स्वतःलाही विचारलं नाही.

पण पंधरा दिवसांनी तो मोलगीच्या बाजारात गेला. नानीबाई मोहाची फुलं विकत बसली होती.

“नानी, चूक मन्ही व्हती.”

“माले म्हाईत शे,” ती म्हणाली. “शेठ येवाना पहिले पाला मीच फेकी दिधा. तुन्ही लाज ऱ्हावाले.”

गिरधर खालीच बसला.

“माले काय सांगस? शेठले सांग,” नानीबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्यानं सगळ्या कामकऱ्यांसमोर शेठला सांगितलं. शेठनं नानीबाईला परत कामावर यायचा निरोप धाडला. ती आली नाही.

मुंबईहून नवं विरजण आलं. गिरधरनं पुढंही कैक वर्षं बुरशी पिकवली. वाटेत कोणी विचारलं, “आप्पा, आज काय सडनं?” तर खाली पाहत तो मुकाट पुढं जाई.