मीनाअक्का ‘मवाळ’ म्हणाली न्हाय

मीनाअक्काला सोलापुरात तोंडावरनं वळखणारे थोडे, आवाजावरनं वळखणारे लई. निवडणूक लागली की माझ्या रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधायचे, मागं अक्का माईक घिऊन बसायची, आन आमी भवानी पेठंत शिरलो की खटाखट चाललेल्या मागावरची माणसंबी मान वर करून म्हणायची, “आली बे मीनाबाई.” मी ईरप्पा, तिचा रिक्षावाला. माझं डोकं लवकर तापतं म्हणत्यात लोक. तापतं की! सोलापूरच्या उन्हात वाढलेल्याचं डोकं थंड ऱ्हायलं तर दवाखान्यात दाखवावं लागंल.

अक्काचं माहेर वेळापूरकडं. लगीन हून पेठंत आली. नवरा जालिंदर, मागावर कामाला. छातीच्या दुखण्यानं लौकर गेला. जयंतीला वस्तीतल्या गाण्याच्या पार्टीत अक्का म्हणायची, तितंच तिचा आवाज तयार झाला. प्रचार काय, निवडणुकीपुरता. बाकी बारा महिने धंदा भाजीचा. जुन्या बाजाराच्या भिंतीला पाठ लावून बसणाऱ्या बायकांच्या रांगेत अक्काची पाटी. शेपू, चुका, मेथी.

माईकवर तिची एक रीत हुती. उमेदवाराचं नाव सांगायची, चिन्ह सांगायची. गुण सांगायचा असंल तर डोळ्यांनी बघितलेलाच. एकदा एका उमेदवाराच्या माणसांनी ‘कार्यसम्राट’ म्हणा म्हणून कागद दिला. अक्कानं तो घडी करून बसायला घेतला आन दिवसभर वरडली, “आपल्याच पेठंत राहत्यात हो! कुणाच्याबी मयतीला येत्यात हो!” त्यो उमेदवार आधी चिडला. पण लोक म्हणले, खरं हाय, येतो मयतीला. निवडून आला की गडी!

औंदा आमाला बोलावलं उदयसिंहाच्या माणसांनी. आमच्या वॉर्डाचा उमेदवार, चिन्ह छत्री. समदे त्याला उदयदादा म्हणत्यात. पांढरा शर्ट, हात कायम जोडलेले, आवाज असा की शेजारच्या खोलीत जाणार न्हाय. समोर धुळाप्पा उभा, त्याच्या तोंडात शिवी न्हाय असं वाक्य मी अजून ऐकलं न्हाय. त्यामुळं अख्ख्या वॉर्डात एकच बोलणं. धुळाप्पा जहाल, उदयदादा मवाळ. दादाचा कार्यकर्ता दिपक, त्यानं कागदावर तेच लिहून आणलं. ‘शांत, संयमी, मवाळ नेतृत्व.’

अक्कानं वाचलं आन कागद परत दिला. “नाव घेते, चिन्ह घेते. ह्यो शब्द न्हाय घेत.”

दिपक हसला. “मावशी, दादांनी आयुष्यात कुणाला अरे-तुरे केलेलं नाही.”

“व्हय. कुणालाच न्हाय. आमाला उचलायला आलेल्यालाबी न्हाय. शांत बसा म्हणले, ते नुसतं आमाला.”

हे काय, ते सांगतो, न्हायतर तुमाला वाटंल बाई खडूस हाय. गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला अतिक्रमणवाल्यांची गाडी भिंतीपाशी आली. बायका गाडीच्या म्होरं जाऊन बसल्या, पदर खोचून. ड्रायव्हरनं हॉर्न मारून मारून कान फोडले, एक बाई हलली न्हाय. तेवढ्यात दादा आले. हात जोडून म्हणले, “मावश्यांनो, शांत राहा. बाजूला व्हा. मी साहेबांशी बोलतो, उद्या तुम्ही इथंच बसाल.” भल्या माणसाचा शब्द म्हणून बायका उठल्या. गाडीला वाट झाली. पाट्या, बारदानं, तराजू, समदं भरून गाडी गेली. दुसऱ्या दिवशी भिंतीच्या म्होरं काटेरी तार.

तवापासनं गुरम्मा आन बाकीच्या बायका नाल्याच्या उताराला बसत्यात. तितं नाकाला रुमाल लावल्याबिगर गिऱ्हाईक येत न्हाय, आन आलंच तर भाजी न घेता जातं. बजाबाई लेकीकडं टेंभुर्णीला निघून गेली. तानाबाईनं तर धंदाच सोडला. ओट्यावर नुसती बसून असायची, बघवायचं न्हाय. दादाला इचारलं की उत्तर ठरलेलं, “बोलणी चालू आहेत.” धुळाप्पालाबी देव समजू नका. त्या दिवशी त्यो ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला, आन मग ‘उठलाच कशाला’ म्हणून बायकांचाबी. पण त्यो शिवी देताना सगळ्यांना सारखी देतो, एवढं खरं.

मी अक्काला म्हणलो, “दगडापेक्षा वीट मऊ. म्हण की मवाळ, तुझ्या बापाचं काय जातंय?”

“डोक्यात बसली की वीटबी फोडतीच, ईरप्पा.”

“मग त्याला जहाल म्हणायचं का?”

“न्हाय. जहाल माणूस निदान आपल्यावर खेकसतोय हे कळतं तरी. ह्यो हात जोडून उठवतो, आन आपुन उठून वर त्यालाच आशीर्वाद देतो.”

एका शब्दापायी हातचं काम जाईल म्हणून मला राग आला. खोटं कशाला बोलू? रिक्षा अशी हाणली की अक्काचं डोस्कं टपाला लागलं. तिनं मागनं माझ्या पाठीत बुक्की घातली आन माईकवर वरडली, “उदयसिंह! चिन्ह छत्री!” तेवढंच. दिवसभर तेवढंच.

प्रचार संपायच्या आधी पेठंत कोपरा सभा लागली. आमच्याकडं रीत हाय, दिवसभर जो भोंग्यावर वरडतो त्यानंच सभेत उमेदवाराची वळख करून द्यायची. दिपक अक्काच्या कानाला लागला. “मावशी, आज तरी तो शब्द.”

“दादालाच इचारून घेते,” अक्का म्हणली आन माईक धरला.

म्होरं गर्दी. दादा खुर्चीत, गळ्यात हार. अक्का त्यांच्याकडं वळली. “दादा, तुमी मवाळ हाय असं म्हणायला मला सांगितलंय. म्हणते की! एक करा. त्या दिवशी आमाला शांत ऱ्हावा म्हणला. आज हितं, ह्या मंडळींच्या म्होरं, एवढंच म्हणा, की बायकांची भाजी उचलणाऱ्यांचं चुकलं. शिवी नका दिऊ. हात जोडूनच म्हणा.”

दादा हसले. उठले, माईकपाशी आले. “मावशी, आजचा दिवस आनंदाचा आहे. जुने विषय काढून वातावरण कशाला बिघडवायचं? दोन्ही बाजू समजून घ्याव्या लागतात.”

“दुसरी बाजू कुटली, दादा? आमच्या बाजूला आमी हुतो. त्या बाजूला आमचीच भाजी हुती, गाडीत.”

गर्दीत कुणीतरी फसकन हसलं, मग सगळीच. दादाचं हसणं तसंच ऱ्हायलं, पण कान लाल झाले. दिपकनं जाऊन माईकची वायर उपटली. येड्या! त्या बाईला वायर लागती का? अक्का तशीच बोलली आन पार कोपऱ्यावरच्या पानटपरीपतुर ऐकू गेलं.

“मंडळी, हे उदयसिंह. चिन्ह छत्री. मवाळ हायत का, मी सांगू शकत न्हाय. मवाळ आमी हुतो. म्हणून उठलो. आता न्हाय उठत. गुरम्मा, तानाबाई, ऐकताय न्हवं? उद्या सकाळी भिंतीपाशी. तार हाय तर तारंच्या म्होरं.”

 माझा राग कुटल्या कुटं गेला. भोंगे सोडून दिपकच्या पुढ्यात टाकले आन म्हणलो, “घे बे तुझं.”

सकाळी माझ्या रिक्षातनं पाट्या नेल्या. तारंच्या म्होरं रांग बसली. निवडणुकीच्या दिवसात गाडी येणार न्हाय असं आमाला वाटलं हुतं. आली. आन गाडीच्या मागनं दादा आले, हात जोडून, तोच पांढरा शर्ट. बायकांच्या आन गाडीच्या मधी उभे ऱ्हायले, तोंड आमच्याकडं.

“मावश्यांनो...”

“दादा,” अक्का म्हणली, “आज आमच्याकडं पाठ करा. तिकडं तोंड करून बोला.”

समदा बाजार थांबला. म्या मनात म्हणलो, वळ. वळ की रे बाबा, एकदा वळ, माझं मत तुला. गाडीवरची पोरंबी वाट बघत हुती त्याची.

दादा वळले न्हाईत. आमच्याकडंच बघून परत हात जोडले, आन आपल्या गाडीत बसून निघून गेले.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. तवा तानाबाई उठली. तिची पाटी रांगेच्या पार टोकाला हुती. पाटी कमरेवर घिऊन ती चालत म्होरं आली, गाडीच्या चाकाला लावून ठिवली, आन पदर खोचून खाली बसली.

“बोल,” ती ड्रायव्हरला म्हणली, “शेपू पायजे का मेथी?”